दुरुस्तीपुरते मालक: ‘भाडे भरा, घर तुमचे’ म्हणणाऱ्यांपासून सावध

कोकणात भाडे भरत भरत घर विकत घेण्याची बोली साधारण अशी असते: डिपॉझिट ३ लाख, महिना ८,००० रुपये, त्यातले ३,००० किमतीत धरायचे, पाच वर्षांनी खरेदीखत. कागद मात्र दोन होतात. एक अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स (नुसता राहण्याचा परवाना), दुसरे ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेले साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार). ‘घर आहे त्या स्थितीत घेतले, सर्व दुरुस्ती घेणाऱ्याकडे’ हे वाक्य दुसऱ्या कागदात असते. घराबाहेर काढायची वेळ आली की मालक पहिला कागद पुढे करतो.

घर दाखवतात मे महिन्यात. ताजा रंग, कौलांखाली पीओपी. मिरगाचा पाऊस लागला की पीओपीवर डाग उमटतात. सीलिंग उघडावे तर वासे आणि रिपा वाळवीने पोखरलेल्या. नुसती कौले चाळून भागत नाही, छप्परच उतरवावे लागते. या खर्चात दोन हप्ते थकतात आणि ‘दोन हप्ते चुकल्यास करार रद्द, रक्कम जप्त’ हे कलम बाहेर येते. नवे छप्पर मालकाला फुकट. (अशी जप्ती डोळे मिटून मान्य करू नका. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मालकाला वाजवी भरपाईच मिळते, पण उरलेली रक्कम परत घ्यायला तुम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागते.)

म्हणून ताबा घेण्याआधी सीलिंगचा एक भाग काढायला लावा आणि भिंतीवर टेकलेल्या वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. वाळवी तिथेच आधी लागते. स्लॅबचे घर असेल तर हातोडीने ठोका. पोकळ आवाज आणि सळईच्या रेषेत तांबूस डाग, म्हणजे खाऱ्या हवेने सळई गंजून फुगली आहे. वरून गिलावा मारून गंज थांबत नाही.

भाडेकरूला भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ आहे: मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची, म्हणजे ८,००० भाड्याला २४,०००. लायसन्सीला (लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला) हे कलम लागू नाही, आणि कायदा अनुसूचीतल्या शहरांपुरता आहे. आडगावातल्या वाडीत त्याच्या भरवशावर राहू नका.

कोकणातली खरी गोम सामाईक सातबाऱ्यात असते. घरपट्टी एकाच्या नावे आणि सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत्यांसह अकरा नावे. घरपट्टीची पावती मालकी ठरवत नाही. सही करणारा फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो.

साठेखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवा. ताबा देऊन केलेल्या साठेखताला खरेदीइतके मुद्रांक शुल्क लागते, म्हणून ‘कशाला खर्च?’ असे सुचवले जाते. ते शुल्क पुढे खरेदीखतात वळते होते. नोंदणी नसेल तर २००१ नंतरच्या करारात ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चे संरक्षण नाही. भाडे आणि किमतीचा भाग दोन वेगळ्या बँक व्यवहारांनी पाठवा, नाहीतर सगळेच भाडे ठरू शकते. मोठी दुरुस्ती कोणाची, हे छप्पर, वासे, सेप्टिक टाकी अशा नावांनिशी लिहून घ्या.

खरेदीखताची तारीखही करारात हवी. ती उलटली की दावा लावायला तीन वर्षे मिळतात. ‘शिमग्याला भाऊ येतील, सही होईल’ या आश्वासनावर तीन शिमगे सहज जातात.