एस्पेसनेट आणि युरोपियन पेटंट रजिस्टर: फिरत्या बेझलची फाइल वाचायची असेल तर

घड्याळाच्या केसवर बाहेरून हलणारा एखादा नवा भाग तुम्हाला सुचला असेल, मग तो फिरणारा बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं असो, दाबायचं बटण असो की सरकणारी चौकट, तर पेटंट एजंटाच्या फीचा विचार करण्याआधी युरोपियन पेटंट ऑफिसच्या दोन मोफत सेवा नीट वापरून घ्या. एक एस्पेसनेट, म्हणजे जगभरातल्या पेटंटांचा शोधता येणारा साठा. दुसरी युरोपियन पेटंट रजिस्टर, म्हणजे प्रत्येक युरोपियन अर्जाची उघडी फाइल. पहिली बऱ्याच जणांना माहीत असते. दुसरी फारसं कोणी उघडत नाही, आणि खरा माल तिथे आहे.

मी चिंचवडला प्रेस टूल डिझाइन करते. पेटंट हा माझा धंदा नाही, पण ड्रॉइंग वाचता येतं, आणि कामाच्या निमित्ताने या दोन्ही ठिकाणी माझं जाणं-येणं असतं. या वेळचं निमित्त आमचे घड्याळवाले काका. त्यांच्याकडे डायव्हिंग पद्धतीची घड्याळं दुरुस्तीला खूप येतात. पाण्यात कोणी उतरत नाही, पण घाम, धूळ आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बेझलखाली जाऊन बसतो आणि आतली क्लिक-स्प्रिंग, म्हणजे बेझलला टप्प्याटप्प्याने जागेवर धरणारी स्प्रिंग, निकामी होते. यावर त्यांनी स्वतःची एक रचना केली आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही ड्रॉइंगवाल्या. हे पेटंट होतं का तेवढं बघून द्या." त्यांच्या मते शोध हा होता की बेझल दाबल्याशिवाय फिरत नाही.

एस्पेसनेट १९९८ पासून चालू आहे आणि त्यात आज १५ कोटींहून जास्त कागदपत्रं आहेत. एवढ्या साठ्यात नुसता 'घड्याळ' आणि 'बेझल' असा शब्द टाकून शोधलं की हाती काही लागत नाही. शोधायचं ते वर्गीकरणाने. यांत्रिक घड्याळांचा वर्ग जी०४बी. त्यात ३७ हा गट केसचा, आणि १९/२८३ हा फिरत्या कड्यांचा, म्हणजे थेट बेझलचा. हा कोड इंग्रजी अक्षरांत टाकला की यादी एकदम कामाची होते. जुन्या कागदांसाठी तर दुसरा मार्गच नाही, कारण त्यातल्या अनेकांना सारांश नसतो, फक्त स्कॅन केलेली पानं असतात. तिथे चित्रं चाळत बसावं लागतं. मला ते काम आवडतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या स्विस ड्राफ्ट्समनची छेदचित्रं बघितली की आपल्या कॅडच्या रेघा फिक्या वाटतात.

या शोधात एक कागद मी मुद्दाम उघडून पाहिला: फ्रेंच पेटंट क्रमांक ७१२८६८. रने-आल्फ्रेद शोवो यांनी ४ मार्च १९३१ ला पॅरिसमध्ये अर्ज केला होता. आपल्या आधारात सरकू शकणारं आणि पूर्ण उलटं फिरवता येणारं घड्याळ, असं त्याचं शीर्षक आहे. हाच झेजर-लकूल्त्र या स्विस कंपनीचा रिव्हर्सो. त्याचं मूळ आपल्या देशात आहे. ब्रिटिश अंमलातल्या भारतात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. सेझार द त्रे हे घड्याळांचे व्यापारी इकडे आले असताना ही अडचण त्यांच्या कानावर आली आणि त्यांनी ती घड्याळ बनवणाऱ्या ज्याक-दाविद लकूल्त्र यांच्यापर्यंत नेली. केस हलते, ही त्यातली बातमी नाही. खिशातल्या घड्याळाचं झाकण त्याच्या कितीतरी आधीपासून हलत होतंच. केस खोबणीत सरकते, मग पिनेवर उलटते आणि परत जागेवर घट्ट बसते, हा क्रम आणि तो घडवणारी जोडणी यात शोध आहे. घड्याळाच्या केसच्या बहुतेक वादांची किल्ली इथेच आहे.

आता रजिस्टर. एस्पेसनेटवर युरोपियन अर्ज उघडला की तिथूनच रजिस्टरकडे जायचा दुवा मिळतो. आत 'ऑल डॉक्युमेंट्स' नावाचं पान आहे. अर्ज पहिल्यांदा दाखल झाल्याच्या तारखेपासून साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि त्यानंतर परीक्षक आणि अर्जदार यांच्यातला जवळपास सगळा पत्रव्यवहार तारीखवार इथे दिसतो. शोध-अहवाल, परीक्षकाचं मत, वकिलाचं उत्तर, खोडून नव्याने लिहिलेले क्लेम (म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्यं), पुन्हा हरकत, पुन्हा उत्तर. लॉगिन नाही, पैसे नाहीत.

सुरुवात शोध-अहवालापासून करावी. त्यात जुन्या प्रत्येक कागदापुढे एक अक्षर असतं. एक्स म्हणजे हा एकटा कागदच क्लेमला पुरून उरेल. वाय म्हणजे दुसऱ्या कागदाशी जोडल्यावर अडचण होईल. ए म्हणजे फक्त पार्श्वभूमी. पहिल्या क्लेमसमोर एक्स दिसला तर घाबरायचं नाही, कारण पहिला क्लेम बहुतेक वेळा मुद्दाम रुंद लिहिलेला असतो. समजा क्लेम असा आहे: केस, केसच्या सापेक्ष हलणारा एक बाह्य भाग, आणि त्या भागाला ठरावीक जागी धरणारी स्प्रिंग. या वर्णनात बेझल बसतो, बटण बसतं, चावी बसते आणि बिजागरीचं झाकणही बसतं. परीक्षक त्या चारांपैकी कुठलंही जुनं घड्याळ पुढे करतो आणि म्हणतो, हे आधीच आहे. त्याचं बरोबर असतं.

मग अर्जदार क्लेम आवळतो. युरोपात क्लेम साधारणपणे दोन भागांत लिहितात: आधी जे माहीत आहे ते, आणि 'वैशिष्ट्य असे की' नंतर स्वतःचं नवं. ही सीमारेषा पत्रागणिक कुठे सरकते ते बघत जा. आधी नुसतं 'स्प्रिंग' असलेला भाग पुढे 'केसच्या खोबणीत बसलेली, दोन टोकांनी दातांवर टेकणारी पट्टी-स्प्रिंग' असा होतो. मंजूर झालेलं पेटंट एकटं वाचलं तर ते शेवटचे शब्द तिथे का आले हे कळत नाही. फाइल वाचली की प्रत्येक शब्दामागची हरकत दिसते. मी तर मंजूर झालेला मजकूर आता सर्वांत शेवटी वाचते.

क्लेम आवळताना अर्जदाराच्या पायात एक बेडी असते. युरोपियन पेटंट करारातल्या १२३ व्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे मूळ अर्जात जे नव्हतं ते नंतर घालता येत नाही. मूळ वर्णनात दातांचा उतार सांगितलेला नसेल तर पुढे तोच उतार वाचवणारा ठरला तरी उपयोग नाही. मग मूळ चित्रातून तो काढता येतो का, यावर वाद रंगतो. चित्रात जे स्पष्ट आणि निःसंदिग्ध दिसतं ते घेता येतं. पण मापात न काढलेल्या ढोबळ चित्रावर पट्टी ठेवून मोजलेलं माप धरत नाहीत. टूलरूममधल्या माणसाला हा नियम लगेच पटेल. 'ड्रॉइंगवरून माप मोजू नका, लिहिलेलं माप घ्या' ही ओळ आम्ही प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात छापतो.

नवेपणाचा अडथळा पार झाला की शोधकतेचा, म्हणजे हे जाणकाराला सहज सुचलं असतं का, हा प्रश्न येतो, आणि इथे परीक्षकाची विचार करायची रीत फार शिस्तीची असते. सर्वांत जवळचं जुनं तंत्र घ्यायचं. त्याच्यात आणि क्लेममध्ये नेमका फरक काय ते लिहायचं. त्या फरकामुळे प्रत्यक्षात काय परिणाम होतो ते बघायचं आणि त्यावरून तांत्रिक प्रश्न मांडायचा. मग विचारायचं, हा प्रश्न समोर असलेल्या सामान्य कुशल कारागिराला दुसऱ्या जुन्या कागदाने या उत्तराकडे नेलं असतं का? 'नेता आलं असतं' एवढं पुरत नाही, 'नेलंच असतं' असं दाखवावं लागतं. वकिलांची चांगली उत्तरं याच एका फरकावर उभी असतात.

ही रीत मी काकांच्या रचनेला लावून पाहिली. दाबल्याशिवाय न फिरणारा बेझल जुना आहे. ब्लांपां या स्विस कंपनीच्या १९५३ च्या फिफ्टी फॅदम्स या डायव्हिंग घड्याळाचा बेझल दाबूनच फिरवायचा होता, चुकून फिरू नये म्हणून. ओमेगाच्या प्लोप्रोफला, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या सीमास्टर ६०० ला, बेझल मोकळा करण्यासाठी बाजूला लाल बटण होतं. कारणही सरळ आहे. पाणबुड्या बेझलवर वेळ लावतो आणि हवा किती उरली त्याचा अंदाज त्यावरून घेतो. बेझल धक्क्याने उलट सरकला तर त्याच्या जिवावर बेतेल. पुढे एकाच दिशेने फिरणारे बेझल रुळले तेही यासाठीच: धक्का लागलाच तर गेलेली वेळ जास्त दिसते, माणूस लवकर वर येतो. डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या मानकातही वेळ लावायचा भाग चुकून फिरू नये ही अट आहे. तेव्हा 'दाबल्याशिवाय फिरत नाही' या क्लेमसमोर एक्स येणार, हे काकांना मी स्पष्ट सांगितलं.

पण फरकाच्या रकान्यात मी दुसरंच काहीतरी लिहिलं होतं. काकांची स्प्रिंग ज्या तऱ्हेने बसते त्यामुळे ती साफ करायला किंवा बदलायला काचेला आणि सीलला हात लावावा लागत नाही. त्यांना ही गोष्ट इतकी साहजिक वाटत होती की बोलताना त्यांनी ती सांगितलीही नव्हती. परिणाम सीलचा, प्रश्न दुरुस्तीचा आणि उत्तर जोडणीत. या मांडणीने बघितलं तर मला सापडलेल्या जुन्या कागदांपैकी एकही थेट तिथे नेत नाही. रचना नेमकी कशी आहे ते मी इथे लिहिणार नाही. एकदा ती लोकांसमोर उघड झाली की नवेपणा गेला, आणि युरोपात तर त्याला फार थोडे अपवाद आहेत. इन्स्टाग्रामवर टाकलेला स्वतःचाच व्हिडिओ स्वतःच्या अर्जावर उलटू शकतो.

आता या सेवांच्या मर्यादा. मराठी नाही. फाइलची भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन, आणि घड्याळांच्या बाबतीत फ्रेंच बरीच भेटते, कारण स्वित्झर्लंडचा घड्याळं बनवणारा पट्टा मुख्यतः फ्रेंच बोलतो. एस्पेसनेटवर यंत्राने केलेला अनुवाद मिळतो. तो साधारण अर्थ कळायला ठीक आहे, क्लेमचा शब्द न् शब्द तोलायला नाही. दुसरं म्हणजे क्रमांकामागचं अक्षर बघायला हवं. ए असेल तर तो प्रसिद्ध झालेला अर्ज, बी असेल तर मंजूर पेटंट. यादीत दोन्ही शेजारी शेजारी येतात आणि नवखा माणूस अर्जालाच पेटंट समजून हातपाय गाळतो. मंजुरीनंतरही नऊ महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो, तेव्हा फाइल शेवटपर्यंत बघावी. विरोधाच्या फाइलींमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्या जुनी घड्याळं, कॅटलॉग आणि जाहिराती शोधून आणतात. त्या वाचायला तर सगळ्यात जास्त मजा येते.

युरोपियन पेटंट भारतात चालत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पण तिथला कागद इथल्या अर्जाचा नवेपणा घालवू शकतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे, अँटॉप हिलला जातात. आपल्याकडच्या इनपास या मोफत शोधसेवेवरही प्रसिद्ध अर्जांचे पहिले परीक्षण अहवाल आणि त्यांना दिलेली उत्तरं वाचता येतात. तिथे घड्याळवाल्यांनी भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(एफ) आवर्जून बघावं: माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिलं, तर तो शोध धरत नाहीत. बेझल, स्प्रिंग आणि सील एकमेकांच्या कामात कसा बदल घडवतात हे लिहिलेलं नसेल तर हे कलम समोर येऊन उभं राहतं.

कोणाला ही शिफारस करीन? दुरुस्ती करणाऱ्याला, छोट्या वर्कशॉपवाल्याला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना. एजंटाची गरज यामुळे संपत नाही, क्लेम त्यानेच लिहावेत. पण त्याच्यासमोर बसताना जवळचे तीन-चार कागद आणि फरकाचं एक वाक्य हातात असेल तर बोलणं कामाचं होतं. बघायला मात्र मोठा पडदा घ्या. स्कॅन केलेल्या चित्रांतले आकडे मोबाइलवर वाचता येत नाहीत.

काकांचं ड्रॉइंग मी आता नव्याने करते आहे: दातांचा उतार, स्प्रिंगची जाडी, खोबणीची खोली, सगळं मापांसकट आणि प्रत्येकाला दोन-दोन पर्याय देऊन. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करायचा आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील भरायचा, असं ठरलं आहे. तोवर नमुन्याचं घड्याळ कोणत्याही गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हे मी त्यांना बजावून ठेवलं आहे.