फ्रीबीएसडीवरचं वाय-फाय: नऊ महिने वापरल्यावर

जानेवारीत घरच्या जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी १४.२ टाकलं (लिनक्ससारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम), तेव्हा जो भेटेल तो एकच सांगत होता, "बाकी सगळं चालेल, वाय-फायचं तेवढं बघ." आता ऑक्टोबर उजाडला. मशीन रोज सात-आठ तास वापरात आहे, म्हणून लिहायला बसलो. माझा धंदा सर्व्हर सांभाळायचा, आणि सर्व्हरला वाय-फाय नसतं. तेव्हा या विषयात मीही नवखाच होतो.

कार्ड इंटेलचं एएक्स२००. इन्स्टॉलरने ते ओळखलं, आजूबाजूची नेटवर्कंही दाखवली. शेजारच्या चार बिऱ्हाडांची दिसली, आमचंच दिसेना. अर्धा तास राउटरला शिव्या घातल्यावर कळलं की त्याने आपल्या मनाने १३ नंबरचा चॅनल धरलाय. फ्रीबीएसडी मुळात अमेरिकेचे नियम धरून चालतं, तिथे ११ च्या पुढे मोजतच नाहीत. आपल्याकडे १३ पर्यंत चालतं. देश बदलायची सोय आहे. मी मात्र राउटरवर ६ नंबर लावला आणि विषय संपवला.

दुसरा धक्का म्हणजे आयएफकॉन्फिग (नेटवर्कचे इंटरफेस दाखवणारी कमांड) मारलं तर कार्ड दिसतच नाही. २००९ च्या ८.० आवृत्तीपासून इथे अशी रीत आहे की खरं कार्ड पडद्याआड राहतं आणि त्याच्यावर 'डब्ल्यूलॅन०' नावाचा इंटरफेस आपण तयार करायचा. आरसी.कॉन्फ या सिस्टिमच्या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी आणि पासवर्डसाठी डब्ल्यूपीए सप्लिकंट या वाय-फायला जोडून देणाऱ्या प्रोग्रामची फाइल, झालं काम. एकदा लिहिलं की पुन्हा हात लावावा लागत नाही. कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून नेटवर्क निवडायची सवय असेल तर मात्र पहिला आठवडा जड जातो.

आता वेगाचं. घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन. याच लॅपटॉपवर लिनक्स होतं तेव्हा पूर्ण मिळायचा, इथे २२-२३ वर काटा अडला. ५ गिगाहर्ट्झ चालू केलं, राउटरच्या शेजारी बसलो, तरी तेच. आयएफकॉन्फिगच्या 'मीडिया' ओळीत कारण लिहिलेलंच होतं: मोड ११ए, ५४ एमबीपीएस. म्हणजे नवं कोरं कार्ड १९९९ सालच्या मानकावर चालत होतं.

असं का, हे शोधताना जे हाती लागलं ते मला वेगापेक्षा जास्त आवडलं. इंटेल आपला 'आयडब्ल्यूएलवायफाय' ड्रायव्हर लिनक्ससाठी लिहितं, पण त्याचं लायसन्स दुहेरी आहे, जीपीएल (बदललेला कोड वाटलात तर तोही खुला ठेवा, असं सांगणारं) आणि बीएसडी (फारशा अटी नसलेलं, फ्रीबीएसडीचं स्वतःचं) दोन्ही. त्यामुळे तो उचलून फ्रीबीएसडीत आणता येतो. अडचण अशी की लिनक्समध्ये हा ड्रायव्हर 'मॅक८०२११' नावाच्या थरावर उभा असतो, आणि तो थर जीपीएलचा. त्या अटींमुळे तो काही आणता येत नाही. म्हणजे भाडेकरू सामानासकट आला, पण घराची फरशी आपल्यालाच घालायची! ती फरशी म्हणजे लिनक्सकेपीआय. ड्रायव्हरला वाटतं आपण लिनक्सवरच आहोत, आणि खाली त्याचं बोलणं फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या वाय-फायच्या थराला, 'नेट८०२११' ला, समजेल असं भाषांतर करून दिलं जातं. ब्यॉर्न झीब हे काम वर्षानुवर्षं करत आहेत, फ्रीबीएसडी फाउंडेशनच्या पैशावर. २०२२ मध्ये १३.१ बरोबर ड्रायव्हर आला तेव्हा फक्त जुन्या मानकांपुरती फरशी झाली होती. ११एन आणि ११एसी या नंतरच्या, वेगवान मानकांचा भाग बाकी होता, आणि मी नेमका त्या अर्धवट खोलीत राहायला आलो होतो.

खरं सांगू? २२ एमबीपीएसवर माझं अडलं नाही. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर काम करायची जोडणी), मेल, मीटिंग, सगळं निभतं. त्रास झाला तो झाकणाचा. लॅपटॉप मिटून परत उघडला की माझ्या मशीनवर वाय-फाय कधी उठायचं, कधी नाही. मग रूट (अ‍ॅडमिन) होऊन नेटिफ, म्हणजे नेटवर्कची सेवा, रीस्टार्ट, तरीही नाही जमलं तर रीबूट. दिवसातून तीनदा हे झालं की माणूस लॅपटॉप मिटायचंच सोडून देतो. मी दिलं होतं.

मार्चमध्ये वैतागून वायफायबॉक्स लावलं. हा प्रकार ऐकायला थट्टाच वाटते. बीहाइव्ह या फ्रीबीएसडीच्या हायपरवायझरमध्ये (एका मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) एक चिमुकलं अल्पाइन लिनक्स सुरू करायचं, वाय-फाय कार्ड पासथ्रूने थेट त्याच्या हवाली करायचं आणि त्याच्याकडून नेट घ्यायचं. वेग लगेच ९० च्या वर गेला. पण लॅपटॉप आता राउटरच्या मागे आणि त्या लिनक्सच्याही मागे, असा दुहेरी नॅटमध्ये, म्हणजे पत्ते बदलणाऱ्या दोन पडद्यांआड, बसला. घरचा प्रिंटर आपोआप सापडायचा बंद झाला. आई दोनदा विचारून गेली, "छापायचं राहिलंय ना ते माझं?" मी प्रिंटरचा आयपी हाताने घातला आणि गप्प बसलो.

जूनमध्ये १४.३ आलं, लिनक्सकेपीआयमध्ये ११एन, ११एसी आणि एन्क्रिप्शन कार्डावर सोपवायची सोय घेऊन. आठवडाभर थांबून फ्रीबीएसडी-अपडेट चालवलं, वायफायबॉक्स बंद केलं, मॅन पेज (सिस्टिममधलंच माहितीपत्रक) वाचून सेटिंग तपासलं. 'मीडिया' ओळीत पहिल्यांदा 'मोड ११एसी' दिसलं तेव्हा स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवला. त्याला काही कळलं नाही, अंगठा दाखवून मोकळा झाला. आता राउटरच्या खोलीत ८५ ते ९० मिळतात, दोन भिंतींपलीकडे ४० च्या आसपास. वाय-फाय ६ अजून नाहीच, कार्ड एसीवरच चालतं. शंभरच्या प्लॅनला तेवढं पुष्कळ झालं. झाकण उघडल्यावर नेट बहुतेक वेळा परत येतं. 'बहुतेक' हा शब्द मुद्दाम लिहिलाय.

एक घोटाळा निव्वळ माझा. केबल काढली की आपोआप वाय-फायवर जावं म्हणून लॅगचा (दोन इंटरफेस एकत्र बांधणारी सोय) फेलओव्हर लावला. केबल काढली आणि नेट मेलं. लॅग पहिल्या पोर्टचा, म्हणजे केबलचा मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) घेतं; राउटरशी ओळख मात्र वाय-फाय कार्डाच्या पत्त्याने झालेली असते, तो भलत्या पत्त्याचे पॅकेट कशाला घेईल? इथरनेटलाच वाय-फायचा पत्ता द्यायचा असतो. हँडबुकमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी उदाहरण कॉपी करताना तेवढीच ओळ गाळली होती. तेव्हापासून मात्र टेबलावरून लॅपटॉप उचलून बाल्कनीत गेलो तरी एसएसएचचं सेशन तुटत नाही, आणि हे सुख मला लिनक्सवर कधी सुचलंही नव्हतं.

लॅपटॉपचा हॉटस्पॉट करून इतरांना नेट द्यायचं असेल तर या ड्रायव्हरच्या नादी लागू नका, तो फक्त जोडून घेतो. कार्ड इंटेलचं नसेल तर इन्स्टॉल करण्याआधी हार्डवेअरची यादी बघा. आणि पहिल्या दिवशी फोनची यूएसबी केबल हाताशी ठेवा. अँड्रॉइडचं टेदरिंग चालू केलं की 'यूई०' नावाने इंटरफेस येतो, त्यावर डीएचक्लायंट (आयपी पत्ता मागून घेणारी कमांड) चालवलं की नेट सुरू. वाय-फाय रुसलं तेव्हा दर वेळी यानेच तारलंय.

वायफायबॉक्स जूनपासून बंदच आहे. पॅकेज मात्र अजून काढलेलं नाही.