भिशी भरून वारी : आळंदी ते पंढरपूर, एका दिंडीच्या सोयीचा खराखुरा रिव्ह्यू

दिंडी ठरवताना लोक विचारतात महाराज कोण आहेत, कीर्तन कसं होतं, जेवण घरच्यासारखं असतं का. मी पण हेच विचारलं होतं. आता माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालून आल्यावर सांगते, पहिला प्रश्न टँकरचा विचारा आणि दुसरा ट्रकचा, महाराजांचं नंतर बघू.

दिंडीचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माझ्या मावशीला पुढच्या वर्षी परत त्यांच्यातच जायचंय. मावशी सातारा जिल्ह्यातली, तिची ही बारावी वारी, माझी पहिली. मी ठाण्याला बँकेत, दिवसभर खुर्चीत, त्यामुळे २५० किलोमीटरच्या आसपास चालायचं म्हटल्यावर घरातल्यांनी पैज लावली होती की ही सासवडवरून परत येणार. नाही आले.

तर माणशी भिशी ४५०० रुपये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिशी म्हणजे दिंडीत भरायचे पैसे, त्यात दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा, तंबूत झोपायला जागा, सामान न्यायला ट्रक आणि पाण्याचा टँकर. १८-१९ दिवसांचे ४५०० म्हणजे दिवसाला जेमतेम अडीचशे पडतात, ठाण्यात तेवढ्यात एक थाळी येते. म्हणून पैशाबद्दल माझी काहीच तक्रार नाही हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील फुकटात पाहिजे होतं का.

आता ट्रक. आमच्या दिंडीचे दोन ट्रक, एक सामानाचा आणि एक स्वयंपाकाचा, आणि सगळी दिंडी खरं तर या दोन ट्रकांवर चालते, आपण फक्त मागून पायी येतो. पहाटे तंबू पाडायचे, गुंडाळायचे, बॅगा ट्रकमध्ये टाकायच्या, मग ट्रक पुढच्या मुक्कामाला निघतो आणि आपल्याला बॅग संध्याकाळीच दिसते. मी ट्रॉली बॅग घेऊन गेले होते. हसू नका. ट्रकवर चढलेल्या पोराने ती वर ओढली तेव्हाच तो हसला होता, पुण्यात एक चाक गेलं आणि सासवडला दांडा. मावशीची आपली नायलॉनची चेनवाली पिशवी, वरून जाड प्लास्टिकचा कागद बांधलेला, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि दिंडीचा नंबर. दीड-दोनशे बॅगांच्या ढिगात अंधारात आपली बॅग शोधायची असते तेव्हा कळतं की पेंटने नाव का लिहितात. आणि दिवसभर लागणाऱ्या गोष्टी (गोळ्या, चार्जर, एक कोरडा पंजाबी ड्रेस, पाण्याची बाटली) खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा, ट्रकवर भरवसा ठेवू नका, का ते पुढे सांगते.

टँकर. बायकांनी हा भाग नीट वाचा. आंघोळ पहाटे अडीच-तीनला, टँकरच्या मागच्या नळांखाली, अंधारात, अंगावर कपडे असताना, आणि चार नळांना ऐंशी बायका. पहिल्या दिवशी मी साडेचारला उठून टॉवेल घेऊन ऐटीत गेले तर टँकर रिकामा आणि तिथे ट्रकचा क्लीनर दात घासत उभा. मावशी तोवर आंघोळ करून, केस विंचरून, कुंकू लावून, ओलं लुगडं पिळून तंबूच्या दोरीवर टाकून बसलेली. म्हणाली, "अगं पोरी, साडेचार म्हंजी दुपार झाली." दुसऱ्या दिवसापासून मला अडीचला जाग यायला लागली, गजर न लावता, आणि घरी आल्यावर पण आठवडाभर येत होती. आमच्या व्यवस्थापकांनी तंबूच्या दोन कनाती जास्त आणून टँकरपाशी बायकांसाठी आडोसा केला असता तर पाच स्टार दिले असते. तीन-चार दिवस मागे लागल्यावर एक ताडपत्री बांधली, ती पण वाऱ्याने उडायची.

शौचालयाचं म्हणाल तर मुक्कामाच्या ठिकाणी सरकारी फिरती शौचालयं असतात, रांगेने उभी, आणि पहाटे तीनच्या आत गेलात तर चांगली स्वच्छ मिळतात. पाचला गेलात तर आपलं नशीब. यात दिंडीचा काही हात नाही.

पुण्यात दोन मुक्काम, आमची सोय नाना पेठेतल्या एका शाळेत, वर्गातले बाक बाजूला सारून. पुणेकरांनी इतकं खायला घातलं की दिंडीच्या आचाऱ्याला जवळजवळ सुट्टीच. पण मग पुणे ते सासवड. हा सगळ्यात मोठा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट, आणि तिथीचा हिशोब असा बसतो की त्या दिवशी बहुतेक वेळा एकादशी येते, म्हणजे सगळ्यात जास्त चाल आणि पोटात शेंगदाण्याचा लाडू. घाटाच्या पायथ्याला माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात आणि खरं सांगते मला त्या बैलांचा हेवा वाटला. दिंडीने घाटाच्या अलीकडे भगर आणि दाण्याची आमटी दिली, गरम, भरपूर, ती चव अजून जिभेवर आहे. आचारी एक नंबर हे इथेच लिहून टाकते. एरवीचं जेवण म्हणजे भात, आमटी, एक भाजी, चपाती किंवा भाकरी, आठवड्यातून दोनदा लापशी नाहीतर बुंदी. आमटी तिखट असते, ज्यांना सोसत नाही त्यांनी ताक विकत घ्या, रस्त्यात मिळतं. एकदा फक्त, वाल्ह्याच्या पुढे, दुपारचा स्वयंपाकाचा ट्रक गर्दीत अडकला आणि जेवण चार वाजता मिळालं. पण वारीत उपाशी राहायला पण स्किल लागतं, दर शंभर पावलांवर कोणीतरी केळी, चहा, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा घेऊन उभं असतं आणि "माऊली घ्या हो" म्हणून हातात कोंबतं. पहिले दोन दिवस मी सगळं घेतलं. तिसऱ्या दिवशी पोटाने सांगितलं.

आता मोठी तक्रार. संध्याकाळी मुक्कामाच्या गावात पोचलं की आपला तंबू शोधायचा हे वेगळंच काम. पालखीच्या तळाजवळ जागा कमी, म्हणून दिंड्या आजूबाजूच्या शेतांत, माळावर पसरलेल्या, कधी तळापासून दोन किलोमीटर लांब. पाय गेलेले असतात, फोनला नेटवर्क नाही कारण लाखो माणसं एकाच टॉवरवर, आणि रथापुढच्या २७ दिंड्या सोडल्या तर रथामागे कितीतरी नंबर, सगळ्यांचे ट्रक सारखेच दिसतात. शहाण्या दिंड्या ट्रकवर उंच बांबू बांधून वर नंबर आणि लाईट लावतात. आमच्याकडे बांबू होता, लाईट नव्हता. जेजुरीला अंगावर भंडारा घेऊन मी तासभर फिरत होते, तीन वेगवेगळ्या दिंड्यांनी मला जेवायला बसायचा आग्रह केला आणि शेवटी शेजारच्या दिंडीतल्या एका आजोबांनी हाताला धरून आणून सोडलं. भिशी भरताना विचारा, बांबूवर लाईट आहे का. ते हसतील, हसू द्या.

आणि बॅग. लोणंदला आमचा सामानाचा ट्रक बिघडला, घाईघाईत सामान दुसऱ्या भाड्याच्या ट्रकात भरलं आणि त्यात माझ्यासकट सहा जणांच्या बॅगा भलत्याच दिंडीच्या ट्रकात गेल्या. व्यवस्थापक म्हणाले "मिळंल माऊली, काळजी करू नका", जे ते प्रत्येक गोष्टीला म्हणायचे. त्याच दिवशी टँकर पण आला नव्हता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा समाजआरती, म्हणजे मुक्कामाला पोचल्यावर सगळ्या दिंड्या मिळून करतात ती आरती, नीट जवळून बघितली. सगळ्या दिंड्या तळावर गोल करून उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ, मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारा, चांदीचा दंड वर करून "होऽऽ" म्हणून हाळी देतो आणि क्षणात सगळं गप्प. इतकी माणसं असून गप्प, अंगावर काटा येतो. पण ज्या दिंडीची तक्रार असते ती गप्प बसत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे माणूस पाठवतात, काय झालं विचारतात. त्या दिवशी टाळ वाजवत राहिलेली दिंडी आमची होती! आमचे विणेकरी, म्हणजे दिंडीत वीणा घेऊन चालणारे, एरवी तोंडातून शब्द न काढणारे गृहस्थ, ते पण ठाम उभे. टँकर नाही एवढंच सांगितलं, नोंद झाली, रात्री नऊला टँकर आला. मी इतकी वर्षं बँकेत आहे, तक्रार निवारणाचे पोर्टल, तिकीट नंबर, पंधरा दिवसांची मुदत सगळं बघितलंय, पण एवढं झटपट काही बघितलं नाही. ही शिस्त हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांच्या वेळेपासूनची म्हणतात, म्हणजे १८३० च्या दशकातली. आरतीच्या वेळी हरवलं-सापडलं पण पुकारतात, आणि दुसऱ्या दिवशी तरडगावला आमच्या सहाही बॅगा त्या पुकाऱ्यात निघाल्या. माझी लगेच ओळखली, अख्ख्या वारीत ट्रॉली बॅग एकच असावी.

तेव्हा बॅगेचं श्रेय दिंडीला नाही, वारीला. ट्रकच्या बाबतीत दोन स्टार.

तंबू ठीक. एकात बारा बायका, खाली ताडपत्री, वर आपली सतरंजी, कुस बदलायची तर शेजारणीला सांगून. फलटणच्या पुढे काळी जमीन सुरू झाली आणि बरड गावच्या मुक्कामात रात्री पाऊस आला, तेव्हा मावशी उठून कुदळ घेऊन तंबूभोवती चर खणायला लागली, आम्ही तरण्या बायका बॅटरी धरून उभ्या. तंबू गळला नाही हे दिंडीच्या बाजूने लिहिते, कापड नवीन होतं. चिखल मात्र सकाळी चपलेला असा धरतो की एकेक पाय किलोभर.

चपलेवरून आठवलं. मी ऑनलाईन चार हजाराचे स्पोर्ट शूज घेतले होते, रिव्ह्यू बघून, कंपनीचं नाव राहू दे. ओले झाले की वाळत नाहीत, हडपसरपर्यंतच टाचेला फोड. सासवडच्या बाजारात १८० रुपयांची रबरी सँडल घेतली, मागे पट्टा असलेली, ती पंढरपूरपर्यंत टिकली, एकदा पट्टा तुटला तर रस्त्याकडेला फुकट चपला शिवून देणारे बसलेले असतात, त्यांनी दोन मिनिटांत शिवला आणि पैसे पुढे केले तर रागावले. फोडांसाठी ठिकठिकाणी डॉक्टरांचे तंबू, पाय चेपून देणारे, तेल लावून देणारे. कोणीतरी आपल्या पायाला हात लावतंय याची सुरुवातीला लाज वाटते. नाते‌पुत्यानंतर मी स्वतःच पाय पुढे करत होते.

रस्ता आता पालखी महामार्ग झालाय, रुंद, गुळगुळीत, पण जुनी वडाची झाडं बरीच गेली, आणि ऊन पडलं की खालून काँक्रीट तापतं, विसाव्याला सावली शोधावी लागते. मावशी चालता चालता दाखवायची, इथं वड होता, इथं आम्ही जेवायचो. नवीन लावलेली झाडं अजून माणसाच्या उंचीची. छत्री न्याच, पावसासाठी नाही तर उन्हासाठी. पावसाला रस्त्यात मिळणारा प्लास्टिकचा कागदच बरा, महागडा रेनकोट आत घाम काढतो.

रिंगणाबद्दल लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. फक्त एवढंच की चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणात पुढे जायच्या नादात माझा चष्मा गेला. तो नाही सापडला.

पंढरपुरात दिंडीने एका मठात सोय केली होती, गर्दी प्रचंड, पण जागा होती आणि एकादशीचा फराळ पण वेळेवर. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत आम्ही उभे राहिलो नाही, चंद्रभागेत आंघोळ केली, कळसाचं दर्शन घेतलं आणि मावशी म्हणाली झालं. मला वाटलं होतं ती हट्ट धरेल. येताना एसटीने आलो, मला अर्धं तिकीट, मावशीला पण अर्धंच, ७५ ची झाली की फुकट जाणार म्हणून ती आत्तापासून वर्षं मोजतेय.

आता मार्क. आचारी पाच, तंबू चार, विणेकरी आणि चालतानाचं भजन पाच (सकाळच्या गौळणींना तर सहा), टँकर तीन, ट्रक दोन, व्यवस्थापकांचं "मिळंल माऊली" याला मार्क कसे द्यायचे मला कळत नाही कारण शेवटी सगळं मिळालं. ज्यांना स्वतंत्र बाथरूम पाहिजे त्यांनी या दिंडीत काय, कुठल्याच दिंडीत भिशी भरू नये, सरळ गाडीने रिंगण बघून या. ज्यांच्या गुडघ्याला त्रास आहे त्यांनी पुणे ते सासवड गाडीने गेलात तरी कोणी काही म्हणत नाही, आमच्यातल्या चौघी गेल्या.

भिशी नोंदवायला मावशीचा परवा फोन आला होता. मी म्हटलं आधी विचार, बांबूवर लाईट लावणार का. ती म्हणाली विचारलंय, हो म्हणालेत, आणि तुझ्यासाठी नायलॉनची पिशवी पण घेऊन ठेवलीय, पेंटने नाव घालायचं तेवढं राहिलंय.