सरावपाठ उत्तम, पण एकाच वर्गापुरते: एका अध्यापक विद्यालयाविषयी

कुडाळ परिसरातील एका अध्यापक विद्यालयाचे छात्राध्यापक आमच्या जिल्हा परिषद शाळेत सरावासाठी येतात. वर्गात मागे बसून त्यांचे पाठ पाहणारी शिक्षिका या नात्याने, तेथे डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांसाठीच्या दोन वर्षांच्या पदविकेला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांकरिता हा अभिप्राय लिहीत आहे.

या विद्यालयाचे खरे बळ सूक्ष्म अध्यापनात आहे. प्रश्न विचारण्यासारखे एकच कौशल्य घेऊन ६ मिनिटे शिकवायचे, ६ मिनिटे प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला यावरचा अभिप्राय, ऐकायचे, १२ मिनिटांत पाठाची फेरआखणी करायची आणि पुन्हा ६ मिनिटे शिकवून ६ मिनिटे प्रत्याभरण घ्यायचे, असे हे ३६ मिनिटांचे चक्र येथे केवळ वहीत न उरकता प्रत्यक्ष करून घेतले जाते. त्याचा परिणाम वर्गात दिसतो. ५२ मधून ३८ वजा करताना एका मुलाने उत्तर २६ लिहिले, तेव्हा छात्राध्यापिकेने ते पुसले नाही. आठातून दोन का वजा केले, हे तिने त्याला विचारले, मग दहा-दहा काजूबियांच्या पाच पुरचुंड्या आणि दोन सुट्या बिया त्याच्यापुढे ठेवल्या, आणि त्याने स्वतःच एक पुरचुंडी सोडली. इतकी समज अनेकांना नोकरीत काही वर्षे घालवल्यावर येते. मुलांनी मालवणीत दिलेली उत्तरेही हे विद्यार्थी आदराने स्वीकारतात. फलकलेखन आणि पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, नीटनेटके असते.

उणीव आहे ती बहुवर्ग अध्यापनाची, आणि ती लहान नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक असतात. म्हणजे वाडीवरच्या शाळेत एका शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकाच वेळी सांभाळावे लागतात. असे असताना येथील जवळजवळ प्रत्येक टाचण एकाच इयत्तेचे असते. दुसरीचा सुंदर पाठ चाललेला असताना शेजारी बसलेल्या तिसरीला शुद्धलेखनापलीकडे काही काम मिळत नाही. त्या वर्गासाठी स्वयंअध्ययनाच्या कृती, गटप्रमुख आणि नंतरची तपासणी यांची आखणी टाचणातच व्हायला हवी. सरावाचा एक टप्पा ऐन जुलैत ठेवण्याचाही फेरविचार व्हावा, कारण वहाळ भरले की पलीकडच्या वाडीची मुले शाळेत पोहोचतच नाहीत.

एवढे असूनही, आपल्या भागात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना मी हे विद्यालय सुचवेन. मात्र द्विशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र घेऊन किती सरावपाठ होतात, हे प्रवेशापूर्वी प्राचार्यांना अवश्य विचारावे.