काउअर्डिस लिहू की टिमिडिटी? आधी भ्याड आणि भित्रा आठवा

इंग्रजीत निबंध किंवा मेल लिहिताना 'भित्रेपणा'साठी शब्द शोधला की काउअर्डिस, टिमिडिटी, फिअर असे तीन तरी समोर येतात आणि आपण त्यातला सगळ्यात भारदस्त उचलतो, तिथेच घोळ होतो.

मराठीत बघा. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसणारं कुत्रं भित्रं, त्याला भ्याड कोणी म्हणत नाही. आणि पेपरात हल्ला नेहमी 'भ्याड' असतो, 'भित्रा हल्ला' कधी वाचलाय का? टिमिडिटी म्हणजे भित्रेपणा, बुजरेपणा, स्वभावच तो, आणि काउअर्डिस म्हणजे भ्याडपणा, म्हणजे जिथे उभं राहायला हवं होतं तिथून पाय काढला असा थेट आरोप. म्हणून तर 'अक्यूज्ड ऑफ काउअर्डिस' असं सर्रास येतं. नवीन पोरगा मीटिंगमध्ये बोलत नाही ती टिमिडिटी, पण साहेबाने चूक स्वतः केली आणि खापर ज्युनियरवर फुटताना गप्प बसला तर ती मॉरल काउअर्डिस.

हा आरोप किती जड असू शकतो बघायचं तर पहिलं महायुद्ध. ब्रिटिश लष्करात काउअर्डिस हा गुन्हा होता, त्याला मृत्युदंड होता. काउअर्डिस, पळून जाणं वगैरे गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या 306 सैनिकांना 2006 साली कायदा करून माफी दिली, त्यातले कित्येक शेल शॉकने, म्हणजे युद्धात बसलेल्या मानसिक धक्क्याने, खचलेले असावेत. तिथे फिअर आणि काउअर्डिस यातला फरक नुसता व्याकरणाचा नव्हता.

फिअरशी तुलना करताना मला 'ऑफ'ची गंमत वाटते. 'फिअर ऑफ डॉग्ज' म्हणजे कुत्र्यांची भीती, पण 'काउअर्डिस ऑफ डॉग्ज' लिहिलंत तर कुत्रीच भ्याड ठरतात! उंचीची, पाण्याची, परीक्षेची भीती असेल तर डोळे झाकून फिअर.

रूपांचं पटकन सांगते. 'अ काउअर्डिस' सहसा म्हणत नाहीत, एखादी कृती सांगायची तर 'अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ काउअर्डिस'. 'काउअर्डनेस' टाळा. आणि काउअर्डली, शेवटी 'ली' असलं तरी विशेषण आहे, म्हणजे 'काउअर्डली अटॅक' बरोबर, पण 'ही काउअर्डली रॅन अवे' आज खटकतं, तिथे 'लाइक अ काउअर्ड' लिहा.

शब्द लक्षात ठेवायचा तर काउ म्हणजे गाय हे डोक्यातून काढा, तिचा इथे काही संबंध नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि मुळाशी लॅटिन 'कौडा' आहे, म्हणजे शेपूट. आपण शेपूट घालणं म्हणतो ना, तेच!