कोयत्याला जायच्या आधी: तांबी, अंतरा की छाया?

बीडच्या केज-धारूरकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. आमच्या वस्तीवरची एक लेक असंच पाच महिन्यांचं बाळ घेऊन निघाली. "अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, मग कशाची भीती?" म्हणाली. परतली ती चार महिन्यांची गरोदर. तिकडं बाळाला पेज सुरू झाली, दिवसभर ते कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, अन् ही उसाच्या फडात. दुधाचा भरवसा तीन अटींवरच असतो: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही. एक अट मोडली की संपलं. बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून पाळी न येताच दिवस जातात.

म्हणून दिवस न राहण्याचं साधन हवं. तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, बाळंतपणानंतर 48 तासांत बसते. ती वेळ हुकली तर सहा आठवड्यांनी. 380 ए तांबी 10 वर्षं चालते, 375 ची 5 वर्षं. काढली की लगेच दिवस राहू शकतात. फडावर तारीख लक्षात ठेवायला नको, हा तिचा मोठा गुण. पण पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, ओटीपोट दुखतं. आंघोळीला साडीचा आडोसा असतो तिथं हा त्रास लहान नाही. बाळंतपणात बसवलेली तांबी कधी निसटतेही, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घ्या, मगच गाडीत बसा.

अंतरा म्हणजे तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी देतात, दूध आटत नाही. पाळी मागंपुढं होते, कधी थांबते. "घाण आत साचते" हे खरं नाही. रक्त कमी असलेल्या बाईला तर ते पथ्यावरच पडतं. अडचण एकच, दुसरा डोस कारखान्यावर असताना येतो. तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण कार्ड बाळाच्या लसीच्या कार्डासोबतच ठेवा. थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून 7 ते 10 महिने लागू शकतात.

छायाच्या गोळीत हार्मोन नाही, पाजताना चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवार-बुधवार, पुढं फक्त रविवारी. घरी राहणारीला सोपी. पहाटे चारला फडात जाणारीला वार कुठला लक्षात राहतो?

माझं मत सांगते. सहा महिने बाहेर असाल अन् रक्त चांगलं असेल तर तांबी. रक्त कमी असेल किंवा गावातच राहणार असाल तर अंतरा. मूल नकोच असेल तर नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपी. फक्त नंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो.

दिवस गेल्याची शंका असेल तर निघायच्या आधी आशाताईकडून लघवीची तपासणी करून घ्या. साधन फसून दिवस गेले तर कायद्यानं 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. 18 वर्षांवरच्या बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.