शाळेचं प्रगती ॲप: पहिल्या सत्रापासून वार्षिक निकालापर्यंत वापरल्यानंतर

हजेरी, गृहपाठ, सूचना, गुण आणि प्रत्येक विषयाखाली एक शेरा. अशा ॲपमध्ये काय असतं हे बहुतेक पालकांना माहीत आहे. हजेरी वेळेवर दिसते. सूचना कधीकधी दोनदा येतात, पण त्याचा त्रास नाही. माझं भांडण शेऱ्याच्या चौकटीशी आहे.

पहिल्या सत्रात मुलाच्या गणितासमोर ‘ब’ श्रेणी आणि ‘आणखी सरावाची गरज आहे’ असा शेरा आला. विज्ञानासमोर अक्षर न् अक्षर तेच वाक्य, भाषेसमोरही तेच. सराव हवा, पण कशाचा? अंदाजाने आम्ही रोज संध्याकाळी त्याच्याकडून गुणाकार-भागाकार करून घेत राहिलो. पोरगं कंटाळून गेलं.

पालकसभेत बाईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. ॲपमध्ये तयार वाक्यांची यादी आहे आणि शिक्षकांनी त्यातलंच एक निवडायचं. स्वतःचं काही लिहायची सोयच नाही. मग बाई म्हणाल्या, “अहो, आकडेमोड चांगली आहे त्याची. तो दशांशात अडतो. 0.35 हे 0.7 पेक्षा मोठं म्हणतो, कारण 35 हे 7 पेक्षा मोठे.” बाईंना सगळं ठाऊक होतं, फक्त ते आमच्यापर्यंत पोचवायची वाट ॲपने बंद केली होती. आणि या ॲपसाठी शाळा फीमध्ये वेगळे पैसे घेते! तोवर मी एक तारा द्यायचं नक्की केलं होतं.

घरी पट्टी काढली. 0.7 सेंटिमीटर म्हणजे 7 मिलिमीटर, 0.35 म्हणजे साडेतीन. दोन्ही रेघा त्यानेच आखल्या, एकीखाली एक, आणि बघत बसला. मग स्वतःच 0.7 पुढे शून्य लिहून 0.70 केलं. सत्रभर अडलेली गोष्ट होती ती.

कंपनीच्या मदत केंद्राने सांगितलं, हे शाळेच्या हातात आहे. शाळेच्या कार्यालयाने सांगितलं, कंपनीच्या. ही टोलवाटोलवी बरेच दिवस चालली, तेव्हा मी मुख्याध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या क्राफ्ट आणि रॉजर्स यांच्या प्रयोगाचा दाखला दिला. शिक्षकांनी दर आठवड्याला पालकांना मुलाबद्दल फक्त एक वाक्य पाठवलं, तर नापास होणाऱ्यांचं प्रमाण 15.8 टक्क्यांवरून 9.3 टक्क्यांवर आलं. कौतुकाच्या वाक्यांपेक्षा काय सुधारायचं ते सांगणारी वाक्यं जास्त उपयोगी पडली. एकच वाक्य, पण त्या मुलासाठी लिहिलेलं. बाईंवर कामाचा बोजा वाढेल, या आक्षेपाला माझ्याकडे एवढंच उत्तर होतं.

दुसऱ्या सत्रात मोकळी चौकट सुरू झाली. शाळेने केली की कंपनीने, कळलं नाही. इथे माझं मत बदललं, कारण बाईंनी ती चौकट खरोखर वापरली. ‘परिच्छेद वाचतो, पण उत्तर लिहिताना प्रश्नातला “का” सोडून देतो.’ हे वाचून त्याच दिवशी त्याची वही उघडली, तर पानोपानी तेच! विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रयोगवहीच्या पानाचा फोटो जोडला, आकृतीत कुठे नावं द्यायची राहिली त्यावर खूण करून. असा शेरा मिळत असेल, तर ॲपचे पैसे मी कुरकूर न करता भरेन.

श्रेणी मात्र अजून शेऱ्याच्या डोक्यावर, मोठ्या रंगीत अक्षरात दिसते. मुलगा ती बघतो आणि फोन खाली ठेवतो. रूथ बटलर यांनी 1988 साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं, पण शेऱ्यासोबत श्रेणीही दिली तेव्हा तो फायदा उरला नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: आधी शेरा दाखवा, आणि श्रेणी पुढच्या पानावर टाका. आम्ही घरी सध्या श्रेणीचा भाग हाताने झाकून शेरा मोठ्याने वाचून दाखवतो.

वार्षिक निकालानंतर आणखी एक गोष्ट लक्षात आली. नवीन वर्ग सुरू झाला की जुने शेरे दिसेनासे होतात. नव्या बाईंना दाखवायला हातात काहीच राहत नाही. निकाल लागताच सगळ्या शेऱ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ते परत मिळवण्यासाठी मी अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत तीन तारे, आणि तेही शिक्षकांनी चौकट वापरली म्हणून.